इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : म्यिंज्यान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५; मृत्यू : ११ ऑगस्ट १९७०) या भारतीय मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मराठी लेखिका होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी सुमारे तीन दशके अध्यापन आणि संशोधन केले. भारतातील नातेव्यवस्था, कुटुंबरचना, जातिसंस्था आणि महाराष्ट्राची संस्कृती हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होते. महाभारतातील व्यक्तिरेखांचा वेध घेणाऱ्या ‘युगान्त’ या ग्रंथासाठी त्यांना १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी ललित निबंधाच्या इतिहासातही त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

सासरी आलेल्या मुलीने कोणाशी बोलायचे, कोणासमोर पदर घ्यायचा, नवऱ्याच्या आईला कोणत्या नावाने हाक मारायची, एका चुलीवर कोणाकोणाचे अन्न शिजते, या गोष्टी घरोघरी चालत असल्यामुळे त्यांच्याकडे संशोधनाचा विषय म्हणून फारसे पाहिले जात नसे. इरावतीबाईंनी याच गोष्टींना शास्त्रीय अभ्यासात मध्यवर्ती स्थान दिले. एखादा समाज स्वतःची जी रचना शब्दांत सांगत नाही, ती त्याच्या घरातील व्यवहारांतून वाचता येते, ही दृष्टी त्यांच्या इंग्रजी शास्त्रीय ग्रंथांत आणि मराठी निबंधांत सारखीच आढळते.

== जन्म आणि बालपण ==

इरावतीबाईंचे माहेरचे आडनाव करमरकर. त्यांचे वडील ब्रह्मदेशात अभियंता म्हणून नोकरीस होते. तेथेच त्यांचा जन्म झाला आणि त्या देशाच्या मुख्य नदीवरून त्यांचे नाव इरावती असे ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठविण्यात आले आणि हुजूरपागा या मुलींच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले.

शाळेत त्यांची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्या वेळी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. परांजपे कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी ठेवून घेतले व मुलीप्रमाणे वाढविले. रँग्लर परांजपे बुद्धिवादी आणि निरीश्वरवादी होते. त्यांच्या घरात ग्रंथांचा भरपूर संग्रह होता आणि मुलींच्या वाचनावर बंधन नव्हते. आईवडील दूर देशी, स्वतः वसतिगृहात आणि नंतर एका परक्या पण जिव्हाळ्याच्या कुटुंबात, अशा रीतीने त्यांचे बालपण गेले. परांजपे यांच्याविषयी त्यांनी पुढे ‘दुसरे मामंजी’ हा व्यक्तिचित्रात्मक लेख लिहिला.

== शिक्षण आणि विवाह ==

फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन इरावतीबाई १९२६ साली पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचे अध्ययन केले. चित्पावन ब्राह्मणांविषयी प्रबंध लिहून १९२८ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली. त्या स्वतः याच जातीत जन्मलेल्या होत्या. आपल्याच समाजाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचा सराव त्यांना या प्रबंधापासून झाला.

याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण या कार्यांमुळे महर्षी कर्वे यांचे घराणे साऱ्या देशाला माहीत होते. त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली होती. दिनकररावांचे ज्येष्ठ बंधू रघुनाथ धोंडो कर्वे हे संततिनियमनाचे आद्य प्रचारक होते. तरीही सुनेने उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा प्रश्न आला तेव्हा महर्षी कर्वे त्यास अनुकूल नव्हते. दिनकररावांचे शिक्षण जर्मनीत झाले होते आणि पत्नीनेही तेथेच पुढील संशोधन करावे असे त्यांना वाटत होते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ रक्कम मिळाल्यावर १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या. सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या घरातही सुनेच्या बाबतीत वेगळा विचार होऊ शकतो, हा अनुभव त्यांनी संशोधक होण्यापूर्वीच घेतला होता.

== बर्लिनमधील संशोधन ==

बर्लिन येथे त्यांनी कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली काम केले. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र या विषयांसाठी ही संस्था १९२७ साली स्थापन झाली होती. फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते होते आणि पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला त्यांच्या विचारांचा आधार मिळाला.

इरावतीबाईंना मानवी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील असमानता हा विषय देण्यात आला होता. युरोपीय लोकांच्या कवट्यांत ही असमानता विशिष्ट प्रकारची असते आणि तिचा संबंध बौद्धिक श्रेष्ठत्वाशी आहे, अशी कल्पना या विषयामागे होती. संस्थेच्या संग्रहात युरोपातील कवट्यांबरोबर जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. कवटी पूर्णपणे सममित नसते, हे त्यांना मोजमापांतून दिसले. परंतु या असमानतेचा वंशाशी संबंध असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच नोंदविले. परदेशातून आलेल्या एका तरुण विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष मांडणे ही त्या वातावरणात सोपी गोष्ट नव्हती. तथापि त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्या भारतात परतल्या.

शरीराची मोजमापे घेण्याची बर्लिनमध्ये शिकलेली पद्धत त्यांनी पुढेही सोडली नाही. भारतात मात्र त्यांनी तिचा उपयोग श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्यासाठी न करता, निरनिराळे समूह एकमेकांशी कितपत संबंधित आहेत हे तपासण्यासाठी केला.

== मुंबई आणि डेक्कन कॉलेज ==

जर्मनीहून परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी मुंबई येथे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम पाहिले. प्रशासनात त्यांचे मन रमले नाही. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून त्या तेथे रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत याच संस्थेशी निगडित राहिल्या.

डेक्कन कॉलेजमध्ये भाषाशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास आणि समाजशास्त्र यांचे अभ्यासक एकत्र काम करीत. पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया हे इरावतीबाईंचे सहकारी होते. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात सूक्ष्म अश्महत्यारांबरोबर मानवी सांगाडे सापडले, त्या संशोधनात दोघांचा सहभाग होता. संस्कृत ग्रंथांतील पुरावा, बोलीभाषांतील शब्द, शरीरमापनाची आकडेवारी आणि गावोगाव हिंडून केलेली पाहणी या चारही साधनांचा एकत्र वापर हे इरावतीबाईंच्या संशोधनाचे वैशिष्ट्य ठरले. १९४७ साली दिल्ली येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या. १९५१-५२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी विद्या संस्थेत काही काळ अध्यापन केले.

क्षेत्रीय संशोधनासाठी त्यांनी आगगाडी, एस.टी. आणि बैलगाडी यांतून देशभर प्रवास केला. संस्थेकडे पैसा मर्यादित असे आणि सोयी नसत. मिळेल तेथे मुक्काम करून त्या मोजमापे घेत, नातेवाचक शब्दांच्या याद्या करीत आणि विवाहविषयक चालीरीती नोंदवीत. घरात पाहुणी म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जाता येणे आणि बायकांशी मोकळेपणाने बोलता येणे, ही त्यांची मोठी सोय होती. पुरुष संशोधकांना सहसा ओसरीपर्यंतच प्रवेश मिळे.

== नातेव्यवस्थेचा अभ्यास ==

‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा इरावतीबाईंचा सर्वांत प्रसिद्ध शास्त्रीय ग्रंथ १९५३ साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. त्याची सुधारित आवृत्ती १९६५ साली निघाली. संपूर्ण भारतातील नातेव्यवस्थेची एकत्र मांडणी करणारा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो.

भारतीय संस्कृती समजून घेण्यासाठी भाषिक प्रदेश, जातिसंस्था आणि कुटुंबसंस्था या तीन गोष्टींचे ज्ञान आवश्यक आहे, असे त्यांनी या ग्रंथात मांडले. त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग कल्पिले. पूर्व विभागात त्यांनी मुख्यतः ऑस्ट्रो-आशियाई भाषा बोलणाऱ्या जमातींचा समावेश केला. ही विभागणी केवळ नकाशावरील अंतरावर आधारलेली नसून भाषा आणि विवाहाचे नियम यांच्या परस्परसंबंधावर उभी आहे.

उत्तर भारतात विवाह दूरच्या कुटुंबांत आणि दुसऱ्या गावी करण्याची प्रवृत्ती आहे. अनेक जातींत स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे वगळली जातात. गावातील मुली गावाच्या लेकी आणि आलेल्या वधू गावाच्या सुना, असा स्पष्ट भेद असतो. त्यामुळे लग्न झालेली मुलगी सर्वस्वी अनोळखी माणसांत जाऊन पडते. तिचा घुंघट, तिचे मौन, वडीलधाऱ्या पुरुषांसमोर न येणे आणि माहेरच्या आठवणींनी भरलेली लोकगीते यांचा उगम या रचनेत आहे.

दक्षिण भारतात याउलट मामाची किंवा आत्याची मुलगी, तसेच काही समाजांत बहिणीची मुलगी ही वधू म्हणून पसंत केली जाते. दिलेल्या घराकडून परत मुलगी आणून नाते घट्ट करण्याकडे कल असतो. तेथे सासरा हा पुष्कळदा मामा असतो आणि सासू ही आत्या असते. मुलगी ज्या घरी जाते तेथे ती लहानपणापासून वावरलेली असते. परिणामी माहेर आणि सासर यांत उत्तरेइतके अंतर पडत नाही. मामा, आत्याचा नवरा आणि सासरा यांच्यासाठी एकच शब्द वापरण्याची द्राविड भाषांतील पद्धत या विवाहनियमांशी जुळणारी आहे.

महाराष्ट्र मध्य विभागात येतो. येथे दोन्ही पद्धतींचे मिश्रण दिसते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो. आत्याच्या मुलीशी मात्र तो सहसा टाळला जातो. मराठी घरांतून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची जी पद्धत होती, तिच्यात दक्षिणेकडील नातेरचनेची खूण राहिली आहे. ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्न होत नव्हते, त्या घरांतही हे शब्द वापरले जात होते. व्यवहार बदलला तरी शब्द मागे राहतो आणि संशोधकाला तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

== घर, चूल आणि स्त्री ==

एकत्र कुटुंबाची इरावतीबाईंनी केलेली व्याख्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकविली जाते. सामान्यतः एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारे, मालमत्ता सामाईक असणारे, कुळधर्मात एकत्र भाग घेणारे आणि परस्परांशी विशिष्ट नात्याने बांधलेले लोक म्हणजे एकत्र कुटुंब, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत रक्ताच्या नात्याबरोबर छप्पर आणि चूल यांना समान स्थान आहे. भाऊ वेगळे झाले याची पहिली खूण दस्तऐवजात दिसण्यापूर्वी घरात दुसरी चूल मांडल्याने दिसते, हा ग्रामीण जीवनातील सर्वपरिचित अनुभव या व्याख्येशी जुळणारा आहे.

एकत्र कुटुंबाकडे त्यांनी गौरवाच्या किंवा निषेधाच्या एकांगी दृष्टीने पाहिले नाही. दुष्काळ, आजार, वैधव्य आणि बेकारी यांत कुटुंब माणसाला आधार देते, हे त्यांनी दाखविले. त्याच वेळी त्या आधाराची किंमत घरातील कोणती व्यक्ती चुकवते, हेही त्यांनी नोंदविले. एकाच घरात राहणाऱ्या लेकीचे आणि सुनेचे जगणे किती वेगळे असते, याकडे त्यांनी वारंवार लक्ष वेधले. स्त्रीचा दर्जा धर्मग्रंथातील वचनांवरून ठरविण्याऐवजी विवाहानंतर ती कोणाच्या घरी, किती दूर आणि किती ओळखीच्या माणसांत जाते यावरून तपासावा, अशी दिशा त्यांच्या अभ्यासाने दिली. भारतातील स्त्रीविषयक अभ्यासांना स्वतंत्र शाखेचे रूप येण्यापूर्वीचे हे काम आहे.

== जातिसंस्थेची मीमांसा ==

इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांच्या मते मूळच्या मोठ्या गटांचे विभाजन होत जाऊन अनेक जाती आणि पोटजाती निर्माण झाल्या. इरावतीबाईंनी याच्या उलट भूमिका घेतली. निरनिराळे अंतर्विवाही समूह प्राचीन काळापासून अस्तित्वात होते आणि ते कालांतराने एकत्र येऊन हिंदू समाज बनला, असे त्यांचे प्रतिपादन होते. जात हा विस्तारलेला नातेसमूह आहे आणि हिंदू समाज हा वेगवेगळ्या तुकड्यांची शिवलेली गोधडी आहे, अशी त्यांची कल्पना होती. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ या ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली आहे.

यासाठी त्यांनी कुंभार समाजाचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात कुंभार या एकाच नावाने ओळखले जाणारे अनेक गट आहेत. त्यांच्यात परस्पर विवाह होत नाहीत आणि त्यांची चाके व काम करण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. व्यवसाय एक असला तरी हे गट एका मुळापासून फुटलेले नसून वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्या सहकार्याने त्यांनी समान सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली. हे संशोधन १९६८ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

== पंढरीची वाट ==

ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर इरावतीबाई एका दिंडीतून पायी पंढरपूरला गेल्या. या प्रवासावर लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख त्यांच्या लेखनातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखांपैकी एक आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या आपल्याला या वाटेवर सापडल्याचे त्यांनी त्यात नमूद केले आहे.

या लेखाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकरी दिवसभर बरोबर चालत, एकच अभंग म्हणत, परंतु मुक्कामावर त्यांच्या पंगती वेगळ्या बसत. सर्वजण अंघोळ करूनच जेवणारे असताना हे वेगळेपण कशासाठी, असा प्रश्न इरावतीबाईंना रोज पडे. त्यांनी मराठा बायकांबरोबर बसून जेवण घेतले. त्यानंतर त्या बायका त्यांच्या अधिक जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या आणि आपल्या संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या. वारी संपत आली तेव्हा काहींनी पुण्यास भेटायला येण्याचा मनोदय सांगितला. त्यावर त्यांच्यातीलच एका तरुण मुलीने, तेव्हाही आपण आमच्याशी आतासारख्याच वागाल काय, अशी शंका विचारली. हा साधा प्रश्न इरावतीबाईंच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो लपवून न ठेवता लेखात नोंदविला. जातिसंस्थेविषयीच्या त्यांच्या शास्त्रीय ग्रंथांत जे विवेचनाच्या भाषेत येते, ते या लेखात एका पंगतीच्या अनुभवातून वाचकापर्यंत पोहोचते.

विठ्ठलाविषयीच्या आपल्या ओढीबद्दल त्यांनी ‘बॉयफ्रेंड’ हा लेख लिहिला. देवावरील श्रद्धेचा त्यांनी दावा केला नाही, पण पंढरपूरला त्या पुनःपुन्हा जात राहिल्या.

== विस्थापित आणि बाजार ==

आयुष्याच्या उत्तरार्धात इरावतीबाईंनी बदलत्या ग्रामीण जीवनाच्या पाहण्या हाती घेतल्या. पश्चिम खानदेशातील भिल्ल, खेड्यांतील विविध गटांचे परस्परसंबंध, वाढत्या शहराचा भोवतालच्या प्रदेशाशी असलेला संबंध आणि आठवडी बाजार हे त्यांतील काही विषय होत. आठवडी बाजार हे मालाच्या देवघेवीबरोबर वार्ता, सोयरिकी आणि गाठीभेटी यांचेही ठिकाण असते, म्हणून त्याचा अभ्यास त्यांना महत्त्वाचा वाटला.

कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी आपली कन्या जाई निंबकर यांच्या समवेत केली. तिचा अहवाल १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा भारतातील प्रारंभीच्या काळातील हा एक सविस्तर अभ्यास आहे. विस्थापितांच्या गरजांचा पुरेसा विचार न करता झालेल्या पुनर्वसनावर त्यात टीका आहे. नव्या जागी जमीन आणि घर यांची भरपाई मोजता येते; शेजार, भावकी, देवस्थान आणि मुलीबाळींच्या सोयरिकीचे क्षेत्र यांची भरपाई त्या हिशेबात बसत नाही. नातेव्यवस्थेच्या अभ्यासातून आलेली इरावतीबाईंची दृष्टी या विषयाला म्हणूनच लागू पडली.

== युगान्त ==

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन इरावतीबाईंनी ‘युगान्त’ हा ग्रंथ लिहिला. तो १९६७ मध्ये प्रकाशित झाला. त्यांनी स्वतः केलेले त्याचे इंग्रजी रूप १९६९ मध्ये निघाले. भीष्म, गांधारी, कुंती, विदुर, द्रौपदी, द्रोण, कर्ण, कृष्ण यांच्याकडे त्यांनी देव किंवा आदर्श म्हणून न पाहता विशिष्ट कुटुंबरचनेत वाढलेली माणसे म्हणून पाहिले.

भीष्माच्या त्यागाचा पारंपरिक गौरव बाजूला ठेवून, त्या त्यागापायी कुरुकुलात आणलेल्या स्त्रियांच्या वाट्याला काय आले याचा हिशेब त्यांनी मांडला. अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी आणि माद्री या स्त्रियांची दुःखे त्यामुळे कथेच्या मध्यभागी आली. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, असा तर्क त्यांनी नियोगाच्या प्रथेच्या आधारे केला. खांडववन जाळून उभ्या राहिलेल्या इंद्रप्रस्थाच्या वैभवामागे नागांचा आणि वनातील जीवांचा संहार होता, हे ‘मयसभा’ या प्रकरणात त्यांनी दाखविले. या ग्रंथावर परंपरानिष्ठ वाचकांनी टीका केली आणि काही तर्कांविषयी अभ्यासकांनीही मतभेद व्यक्त केले. तथापि मराठीत महाभारताच्या वाचनाला त्याने नवे वळण दिले.

== ललित लेखन ==

‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ आणि मृत्यूनंतर प्रकाशित झालेला ‘गंगाजल’ (१९७२) हे त्यांचे ललित निबंधांचे संग्रह होत. घर, मुले, प्रवास, वार्धक्य आणि मृत्यू हे त्यांतील विषय आहेत. भाषा साधी, संवादी आणि आत्मपरीक्षणाकडे झुकणारी आहे.

‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखात एका समारंभात झालेल्या स्वतःच्या परिचयाचा प्रसंग आहे. थोर पुरुषाची सून आणि विद्वान प्राध्यापकाची पत्नी अशी ओळख करून दिली जात असताना, काहीतरी राहून गेले आहे असे लेखिकेला वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी मुलांच्या बोलण्यातून, आपण त्यांच्या वर्गातील एका मुलाची आई म्हणूनही ओळखल्या जातो, हे तिच्या कानावर पडते आणि परिचय पुरा होतो. लेखाचा शेवट समाधानाचा आहे की उपरोधाचा, याविषयी वाचकांत दुमत आढळते. स्वतः नामवंत संशोधक असलेल्या स्त्रीची ओळख नात्यांतूनच पूर्ण व्हावी, ही गोष्ट नातेव्यवस्थेच्या अभ्यासिकेने लिहिली असल्यामुळे या लेखाला दुहेरी अर्थ प्राप्त होतो.

== व्यक्तिगत जीवन ==

इरावती आणि दिनकर कर्वे यांना तीन अपत्ये झाली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी कन्या लेखिका म्हणून प्रसिद्ध पावल्या, तर पुत्र आनंद कर्वे यांनी वनस्पतिशास्त्र व ग्रामीण तंत्रज्ञान या क्षेत्रांत काम केले. दिनकरराव पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पत्नीच्या संशोधनाला आणि दीर्घ प्रवासांना त्यांचा सक्रिय पाठिंबा होता.

इरावतीबाई मंगळसूत्र आणि कुंकू वापरीत नसत व पतीला एकेरी नावाने हाक मारीत. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय पुण्यात या गोष्टी चर्चेचा विषय होत असत.

== मूल्यमापन ==

इरावतीबाईंच्या कार्यावर काही आक्षेपही घेतले गेले आहेत. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्यूमाँ यांनी त्यांच्या नातेविषयक मांडणीची चिकित्सा केली. शरीरमापनावर त्यांनी ठेवलेला भर पुढील पिढीला कालबाह्य वाटला. भारतीय समाजाचा विचार करताना त्यांनी हिंदू समाजाला केंद्रस्थानी ठेवले आणि मुस्लिम व इतर समाजांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, अशीही टीका झाली आहे. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला पुरावा नसल्याचे दाखविणाऱ्या संशोधिकेने वंशशास्त्राच्या चौकटीचा पूर्ण त्याग केला नाही, हा विरोधाभासही अभ्यासकांनी निदर्शनास आणला आहे.

घुर्ये किंवा म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांच्या तुलनेत त्यांच्या कार्याची दखल दीर्घकाळ कमी घेतली गेली. समाजशास्त्रज्ञ नंदिनी सुंदर यांच्या लेखनाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले. २०२४ साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले ‘इरू’ हे इंग्रजी चरित्र प्रकाशित झाले. घर, अन्न, विवाह आणि स्त्रीचे स्थान हे विषय आज मानवशास्त्रात प्रतिष्ठा पावलेले आहेत. ते भारतीय संदर्भात पद्धतशीरपणे मांडणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत इरावती कर्वे यांचा समावेश होतो.

== ग्रंथसंपदा ==

=== मराठी ===

* परिपूर्ती (१९४९)
* मराठी लोकांची संस्कृती (१९५१)
* भोवरा
* आमची संस्कृती
* हिंदूंची समाजरचना
* युगान्त (१९६७)
* गंगाजल (१९७२)

=== इंग्रजी ===

* किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३)
* हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन (१९६१)
* महाराष्ट्र : लँड अँड इट्स पीपल (१९६८)
* युगान्त : दि एंड ऑफ ॲन इपॉक (१९६९)
* अ सर्व्हे ऑफ द पीपल डिस्प्लेस्ड थ्रू द कोयना डॅम (जाई निंबकर यांच्यासह, १९६९)

== पुरस्कार ==

* साहित्य अकादमी पुरस्कार (१९६८), ‘युगान्त’ या ग्रंथासाठी